गोधडीचें संवत्सर

पंचांग पाहिलें म्हणजे तिथि, वार व नक्षत्र कळतें. परंतु गांवांत प्रत्यक्ष कोणता ऋतु चालला आहे हें जाणावयाचें असेल, तर पेठेंतील कापडाच्या दुकानाच्या पायरीवर घटकाभर बसावें, असें आमचें मत होत चाललें आहे. टेंभुर्णीस असें एक दुकान आहे. पुढच्या अंगास कापडाच्या फळ्या, मागच्या अंगास गादीघर, आणि दोहोंच्या मध्यें एका लांबट पडवींत गोधड्या शिवणाऱ्या तीन-चार बाया, अशी त्याची मांडणी. दुकानाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. असें दुकान कुर्डुवाडीस, करमाळ्यास, इंदापुरास, फार काय, आमच्या पुष्कळशा वाचकांच्या गांवींहि असेलच. शाळेंतून मोकळे झाल्यापासून आम्ही सायंकाळीं त्या बाजूस फिरावयास जातों, आणि दुकानदार ‘या गुरुजी’ म्हणून बाकडें पुढें सरकवितो. गेल्या संवत्सरांत त्या बाकड्यावरून जें दिसलें, तें या अंकीं वाचकांपुढें ठेवावें असें योजिलें आहे.

ज्यांस आमचें गांव ठाऊक नसेल त्यांच्याकरितां दोन शब्द. टेंभुर्णी हें माढें तालुक्यांतील गांव पुणें-सोलापूर हमरस्त्यावर आहे. येथून एक फांटा पंढरपुराकडे वळतो व दुसरा कुर्डुवाडी-बार्शीकडे जातो. पूर्वीं हा सारा मुलूख ज्वारीचा व अवर्षणाचा. जवळच भीमेवर उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें; त्यानंतर पाणी आलें, पाण्यामागून ऊंस आला व उंसामागून साखरेचे कारखाने आले. बार्शी ही कापसाची नामांकित पेठ होती. तेथून कुर्डुवाडीपर्यंत १८९७ सालीं अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून बार्शी लाइट रेल्वे धावूं लागली, व १९०६ सालीं ती पंढरपुरास पोहोंचली. आग्नेयेस सोलापूर शहर. तेथें १८७७ सालीं पहिली कापडगिरणी सुरू झाली. म्हणजे एका बाजूस कापूस, दुसऱ्या बाजूस कापड, आणि मधून जाणारी पंढरीची वाट, अशा ठिकाणीं आमचें गांव वसलें आहे.

दुकानाचा हंगाम गुढीच्या खणापासून सुरू होतो. चैत्र-वैशाख हे लग्नसराईचे दिवस. पुढच्या अंगास आहेराचीं लुगडीं, खण, टॉवेल-टोपी यांची गर्दी. मागच्या अंगास मुलीबरोबर पाठवावयाच्या गाद्या-उशांची. परंतु आमचें लक्ष असतें तें मधल्या पडवीकडे. गोधडीचा खरा हंगाम हाच. जी वस्तु थंडींत पाहिजे ती उन्हाळ्यांत कां शिवावी, असें शहरांतील मनुष्य विचारील. त्याचीं कारणें तीन. एक तर रब्बीची ज्वारी घरांत आलेली असून बायांस शेतांत काम थोडें असतें. दुसरें, जुनें कापड धुऊन कडक उन्हांत वाळवितां येतें. आणि तिसरें, गोधडी जमिनीवर पसरून शिवावयाची असल्यामुळें कोरडें अंगण पाहिजे. ओल राहिलेलें कापड थरांत अडकलें तर तें आंतल्या आंत कुजतें. यास्तव मृग लागण्यापूर्वीं शेवटचा टाका पडला पाहिजे, असा जुन्या बायांचा दंडक.

आमच्या ज्या वाचकभगिनी शहरांत वाढल्या, त्यांच्याकरितां कृति थोडक्यांत देतों. नऊवारी लुगडें सुमारें सव्वाआठ मीटर लांब असतें. त्याचे दोन-दोन मीटरांचे चार पट्टे होतात. दोन पट्टे कडेस कड जोडले म्हणजे गोधडीची वरची बाजू होते. राहिलेले दोन जोडले म्हणजे अस्तर. अशा रीतीनें एका लुगड्यांत एका गोधडीचीं दोन्ही अंगें निघतात. मध्यें जुनीं धोतरें, चादरी, विरलेलीं लुगडीं यांचे तीन-चार थर घालतात, आणि जेथें भोंक असेल तेथें तुकडा बसवून थर सर्वत्र सारखा करितात. मग लांब लांब कच्चे टाके घालून सर्व थर एकत्र धरतात, व कडेनें धावदोऱ्यास आरंभ होतो. चारी बाजूंचा एक फेरा पुरा झाला कीं बोटभर आंत दुसरा, त्याच्या आंत तिसरा, असे चौकोनांत चौकोन घेत सुई मध्यावर येऊन थांबते. कांहीं घरीं शेवटचे टाके घालण्यापूर्वीं मध्यभागीं भाकरीचा अथवा पोळीचा कण ठेवितात. गोधडीचें पोट रिकामें राहूं नये, ही त्यामागील समजूत.

जन्मभर फळ्यावर हिशेब मांडण्याची संवय जात नाहीं, म्हणून आम्हीं एके दिवशीं पाटीवर आंकडे मांडून पाहिले. दोन मीटर लांब व दीड मीटर रुंद गोधडी घेतली, आणि फेऱ्यांमधील अंतर दोन सेंटिमीटर धरलें, तर सुईस एकंदर सुमारें १५० मीटर वाट चालावी लागते. सेंटिमीटरास एक टाका धरला तर १५,००० टाके होतात. मिनिटास १५ टाके या वेगानें न थांबतां शिवलें, तरी १,००० मिनिटें, म्हणजे जवळजवळ १७ तास लागतात. थर मांडणें, कच्चे टाके घालणें, दोरा ओंवणें हें वेगळेंच. आम्हीं हा हिशेब पडवींत ऐकविला. तेथील वडील बाईस सर्वजण आक्का म्हणतात. ती मान वर न करितां म्हणाली, “मोजत बसलं तर शिवनं कधी व्हायचं गुरुजी?” तथापि वाचकांनीं हा १७ तासांचा आंकडा ध्यानांत ठेवावा, पुढें त्याचें काम पडणार आहे.

ज्येष्ठांत पहिल्या सरी आल्या कीं पडवींतील पसारा आवरतो, आणि दुकानाच्या दारावर छत्र्या व प्लास्टिकचे कागद लोंबूं लागतात. आषाढांत पंढरीची गर्दी सुरू होते. श्रीज्ञानेश्वर व श्रीतुकाराम यांच्या पालख्यांचा मार्ग आमच्या गांवावरून नाहीं. परंतु पुण्याकडून मोटारींनीं जाणारीं माणसें याच फांट्यावरून वळतात, आणि त्यांतील पुष्कळजण घोंगडी पाहावयास दुकानांत येतात. घोंगडी आमच्या भागांतील धनगरांच्या मेंढरांच्या लोंकरीची. ती विणणारे लोक सनगर. विणण्यापूर्वीं सुतास चिंचोक्याची खळ देतात. त्या खळीनें व मूळच्या लोंकरीच्या गुणानें पावसाचें पाणी पुष्कळ वेळ वरच्यावर निथळतें. आपल्या जुन्या घरांतून सोंवळ्यांत लोंकरीची धाबळी चालत असे, कापसाचें वस्त्र मात्र धुऊन वाळविलेलेंच पाहिजे, हा भेद आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस आठवत असेल. गोधडीस सोंवळ्यांत प्रवेश नव्हता. परंतु सोंवळें संपल्यावर रात्रीं मनुष्य निजत असे तो गोधडींतच.

श्रावणांत नागपंचमीचीं व भाद्रपदांत गौरींचीं लुगडीं खपतात, मखरास लागणारें झगझगीत कापड विकलें जातें, आणि अनंतचतुर्दशी झाली कीं दुकान एकाएकी ओस पडतें. पितृपंधरवड्यांत नवें कापड घ्यावयाचें नाहीं, असा पुष्कळांचा नेम. दुकानदार फळ्या झाडीत बसतो. पण त्याच दिवसांत नदीवर व कालव्यावर पाय ठेवावयास जागा नसते. घट बसण्यापूर्वीं घरांतील सारें अंथरूण-पांघरूण धुऊन काढण्याची आपल्याकडे चाल आहे. भिजलेली गोधडी एकट्या बाईस उचलत नाहीं. दोघी दोन टोकें धरून उलट सुलट पीळ देतात, आणि मग ती खडकावर, कुंपणावर, गाडीच्या जुवावर, मिळेल त्या जागीं पसरतात. त्या दिवशीं गांवाच्या कडेनें फिरतांना सगळ्या घरांचीं जुनीं लुगडीं एकदम उन्हांत मांडलेलीं दिसतात. दुकानदार म्हणतो, “गुरुजी, धुतल्यावरच फाटकं कळतंय. आता आठ दिवसांत बघा, पडवी भरंल.” आणि तसेंच होतें. आश्विनांत नव्या गोधड्या थोड्या, दुरुस्त्या पुष्कळ. कडेची पट्टी बदलणें, सुटलेले फेरे पुन्हां धरणें, जुन्या गोधडीवर नवें अंग चढविणें, हीं कामें दसऱ्यापर्यंत चालतात. वरचें अंग विरलें तरी गोधडी टाकीत नाहींत. तीच आंतला थर होऊन दुसऱ्या गोधडीच्या पोटांत जाते.

दिवाळीचें वर्णन करावयास नको. तो सर्वत्र सारखाच गलबला. दिवाळीनंतर मात्र आमच्या दुकानांत एक निराळें गिऱ्हाईक येतें. कारखान्यांचें गाळप सुरू होतें व ऊंस तोडण्याकरितां बीड वगैरे भागांतून माणसें येतात. नवराबायकोच्या एका जोडीस ‘एक कोयता’ असें म्हणतात. शेताच्या कडेस वाढ्यांच्या अथवा ताडपत्रीच्या कोपी घालून तीं राहतात, पहांटेच्या काळोखांत फडांत उतरतात, आणि तान्हें मूल असेल तर तें बांधावर निजवितात. या बाया नवीं पांघरुणें घेत नाहींत. कापडाचे उरलेले तुकडे शेरावर घेतात, दोऱ्याचें रीळ घेतात, आणि कोपींत दिव्याच्या उजेडीं स्वतः शिवतात. गेल्या पौषांत एक बाई अशीच तुकडे निवडीत होती. रंग न पाहतां ती प्रत्येक तुकडा गालास लावून बाजूस ठेवीत होती. दुकानदारानें विचारलें, तेव्हां ती म्हणाली, “ल्योक दोन म्हैन्यांचा हाय. टोचाया नगं.” पांघरुणाची परीक्षा याहून सोपी आम्हीं कोठें वाचली नाहीं.

मार्गशीर्ष-पौषांत पुढच्या फळीवर सोलापुरी चादरी येतात. मूळ तेलंगणांतून येऊन सोलापुरांत स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांनीं ही चादर घरोघर पोहोंचविली. तिला सरकारांतून भौगोलिक मानांकनहि मिळालें आहे. सोलापूर शहरांतील जुन्या मोठ्या गिरण्या मात्र एकामागून एक बंद पडल्या, आणि ज्यांच्या भोंग्यावर शहर उठत असे त्यांच्या आतां आठवणीच आहेत. हल्लीं त्याच फळीवर, चादरींच्या शेजारीं, हरियाणांतील पानिपताहून आलेलीं जाड, मऊ व झगझगीत ब्लँकेटें दिसतात. पानिपत म्हटलें कीं आपणांस १७६१ साल आठवतें. आज त्या गांवीं देशोदेशींचे टाकलेले लोंकरी कपडे गाड्या भरून येतात, ते फाडून त्यांचें पुन्हां सूत करितात, आणि त्याचीं पांघरुणें होतात. जुन्याचें नवें करण्याची आपल्या आज्यांची विद्या ती हीच. फरक इतकाच कीं, ती अंगणांतून उठून कारखान्यांत गेली.

येथें खरा प्रश्न येतो. गोधडीस जुनें कापड लागतें, आणि तें सुती लागतें. आज घरांतील जुन्या लुगड्यांची पेटी उघडली तर त्यांत सुती लुगडें क्वचित् सांपडतें. पाचवारी, सहावारी साड्या, त्याहि बहुधा कृत्रिम धाग्याच्या. आक्का म्हणते, “असलं कापड आत घातलं की थर सरकतोय, आन् पांघरलं की घाम येतोय.” यांत शास्त्र आहे. ऊब ही कापडांत नसून कापडाच्या थरांमध्यें अडकलेल्या स्तब्ध हवेंत असते; म्हणून एका जाड वस्त्रापेक्षां चार पातळ वस्त्रें अधिक ऊब देतात. परंतु त्याबरोबरच अंगाची वाफहि शोषिली गेली पाहिजे. कापूस साधारण हवेंत आपल्या वजनाच्या ७ ते ८ टक्के ओल धरून राहतो. पॉलिएस्टर अर्धा टक्काहि धरीत नाहीं. शिवाय विस्तवाजवळ कापूस जळतो, तर पॉलिएस्टर वितळून कातडीस चिकटतें. बाळंतिणीच्या खोलींत शेगडी ठेवण्याची चाल जेथें अजून आहे, तेथें तान्ह्या मुलाच्या अंगावर कोणतें दुपटें घालावें हा केवळ आवडीचा प्रश्न नव्हे. आपल्या आज्या बाळंतविड्यांत नवें कापड न घालतां आपल्या अंगावरचें, शंभर वेळां धुतलेलें लुगडें दुपट्यास देत असत, त्यांत काटकसरीपेक्षां विचार अधिक होता.

गेल्या वैशाखांत या पडवींत जी एक गोष्ट आमच्यासमोर झाली, ती सांगण्याजोगी आहे. तीन भावंडें एक बोचकें घेऊन आलीं. आईचें वर्षश्राद्ध नुकतेंच झालें होतें. बोचक्यांत तिचीं आठ सुती नऊवारी लुगडीं होतीं. थोरला भाऊ गांवींच राहणारा. त्याचें म्हणणें, आईच्या लुगड्यांस कातर लावूं नये, तीं जशींच्या तशीं पेटींत असावीं. धाकटा पुण्यास नोकरीस, तो म्हणाला, “दादा, पेटी तरी कुणाच्या घरीं ठेवायची? त्यापेक्षां बोहारणीला द्यावीं, कोणाच्या तरी उपयोगीं पडतील.” बहीण मधली, तिला गोधड्या करावयाच्या होत्या. दुकानांत येईपर्यंत तिघांचा अबोला होण्याची वेळ आली असावी, असें तोंडांवरून दिसत होतें.

आक्कानें कांहीं न बोलतां वरचें लुगडें उचललें व हलक्या हातानें उलगडलें. घडी जेथें मोडली होती तेथें कापड रेषेनें विरलें होतें. धरतांच दोन ठिकाणीं सुटलें. मग ती थोरल्याकडे पाहून म्हणाली, “दादा, पेटीत ठिवलं म्हंजी ऱ्हातंय असं न्हाई. घडीवर इरतंय. अंगावर असलं, धुतलं, वाळवलं, तर टिकतंय.” थोरला बराच वेळ त्या रेषेकडे पाहत राहिला. शेवटीं इतकेंच म्हणाला, “पण कातर नको, आक्का.” ती म्हणाली, “कातर कशापायी? सुती हाय, हातानं सरळ फाटंल.” तिनें एक टोंक त्याच्या हातीं दिलें व दुसरें आपण धरलें.

पुढें मोजणी झाली, ती आम्हीच करून दिली. तिघांस तीन गोधड्या, म्हणजे तीन लुगडीं वरच्या व खालच्या अंगास गेलीं. राहिलेल्या पांच लुगड्यांचे, दोन पट्ट्यांचा एक याप्रमाणें, दहा थर झाले. प्रत्येक गोधडींत तीन धरले तर नऊ थर लागले व एक उरला. तो बहिणीनें मागून घेतला. तिच्या मुलीस दिवस गेले होते व दुपट्यास कापड पाहिजे होतें. एका लुगड्यास गुडघ्यापाशीं आईनें स्वतः लाविलेलें ठिगळ होतें. धाकट्यानें, तो भाग आंत घाला, असें सुचविलें. आक्का म्हणाली, “न्हाई. त्यो वरच ऱ्हाऊ द्या. त्यो त्येंच्या हातचा टाका हाय.” ती गोधडी पुढें धाकट्यानेंच मागून नेली, असें दुकानदाराकडून कळलें.

मृताचीं वस्त्रें घरांत ठेवावीं किंवा न ठेवावीं, याविषयीं घरोघरचे आचार भिन्न आहेत. अखेरच्या समयीं अंगावर असलेलें वस्त्र बहुतेक घरीं देऊन टाकतात. पेटींतील वस्त्रांविषयीं मात्र फारसा निर्बंध पाळलेला आम्हीं पाहिला नाहीं. आमच्या मतें बोहारणीस देऊं म्हणणारा धाकटाहि निष्ठुर नव्हता व पेटी जपूं म्हणणारा थोरलाहि वेडा नव्हता. दोघांसहि आईची वस्तु वाया जाऊं नये असेंच वाटत होतें. ती वाया न जाण्याचा मार्ग ठाऊक होता तो फक्त आक्कास.

आतां कोणी म्हणेल, चिंध्यांच्या वाकळेचें इतकें स्तोम कशास? त्यास आमचें उत्तर असें कीं, हा मान आम्ही आज देत नसून फार पूर्वींपासून चालत आलेला आहे. संस्कृतांत गोधडीस ‘कन्था’ असा शब्द आहे. भर्तृहरीच्या वैराग्यशतकांत व शंकराचार्यांच्या नांवावर चालणाऱ्या स्तोत्रांत विरक्ताचें धन म्हणून तिचाच उल्लेख येतो. बंगाल्यांतील नक्षीदार ‘कांथा’ हें त्याच शब्दाचें रूप. बौद्ध भिक्षूंचें चीवर तुकडे जोडून करण्याचा नियम प्रसिद्धच आहे. वाकळ या शब्दाचें नातें कित्येकजण ‘वल्कल’ या शब्दाशीं जोडतात. आणि १८७६ सालीं जन्मलेले व १९५६ सालीं निवर्तलेले आपले गाडगे महाराज अंगावर चिंध्यांचें पांघरूण घेत म्हणून लोक त्यांस गोधडेबुवा म्हणत; त्याच बुवांनीं पंढरपुरास यात्रेकरूंकरितां धर्मशाळा उभ्या केल्या.

अन्य देशींहि हीच कथा. कर्नाटकांत हल्याळ-यल्लापूरकडे राहणारे सिद्दी लोक, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेंतून आले, त्यांच्या बाया ‘कवंदी’ नांवाची गोधडी शिवतात. तिच्या चार कोंपऱ्यांस कापडाचीं फुलें लाविल्यावांचून ती पुरी झाली असें मानीत नाहींत. अमेरिकेंतील अलाबामा संस्थानांत जीज् बेंड म्हणून एक खेडें आहे. तेथील कृष्णवर्णी शेतकरी बाया पिढ्यान् पिढ्या जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवीत आल्या. २००२ सालीं त्या गोधड्या न्यू यॉर्क शहरांतील व्हिटनी संग्रहालयांत भिंतींवर टांगण्यांत आल्या, व पुढें २००६ सालीं त्यांचीं चित्रें त्या देशाच्या टपाल तिकिटांवर छापलीं गेलीं. आपल्या महाराष्ट्रांतील गोधड्यांवरहि गीता खंडेलवाल यांनीं इंग्रजींत स्वतंत्र ग्रंथ लिहिला आहे. परंतु भिंतीवर टांगलेली गोधडी पाहून वाहवा करणें सोपें. पडवींत शिवणाऱ्या बाईस तिची मजुरी देणें कठीण जातें, असा आमचा अनुभव आहे.

याच गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें होतें. गेल्या हिंवाळ्यांत आमच्यासारख्याच पांढरपेशा घरांतील एक गृहस्थ दुकानांत आले. त्यांनीं फोमची गादी छापील किंमतीस, एक शब्द न बोलतां, घेतली. मग पडवींत जाऊन गोधडीच्या शिलाईचा भाव विचारला, आणि तो ऐकून म्हणाले, “सुई-दोऱ्याचंच तर काम! एवढे कशाचे?” आक्कानें उत्तर दिलें नाहीं, दोरा तोडला व पुन्हां ओंवला. आम्हांस त्या वेळीं आमचा १७ तासांचा हिशेब आठवला. थर मांडण्याचें व कच्च्या टाक्यांचें काम धरलें तर गोधडी म्हणजे एका बाईचे पुरे अडीच दिवस होत. शेतांत खुरपावयास आलेल्या बाईस अडीच दिवसांची मजुरी आपण निमूटपणें मोजून देतों. मग तीच बाई सावलींत बसून शिवूं लागली म्हणजे तिच्या वेळेचें मोल कमी कां व्हावें? यंत्रावर शिवलेली गोधडी स्वस्त मिळते, ती ज्यांस पाहिजे त्यांनीं खुशाल घ्यावी; त्यांत गैर कांहीं नाहीं. परंतु हातच्या टाक्याची गोधडी मागून यंत्राचा भाव देणें हा न्याय नव्हे. दुकानदारानें आम्हांस सांगितलें कीं, पूर्वीं पडवींत आठ बाया बसत; आतां चार, कधीं तीनच. आक्काच्या सुनेस हें काम येतें, पण ती करीत नाहीं. दुसरीकडे रोज निश्चित मिळतो. तिला दोष कोणत्या तोंडानें द्यावा?

असो. उपदेश करण्याची खोड शाळामास्तरास सुटत नाहीं, तेव्हां चार गोष्टी सांगून थांबतों. घरांत सुती लुगडीं, धोतरें अथवा जुन्या सुती चादरी असतील तर त्या घडीवर विरूं न देतां वेळींच बाहेर काढाव्या. तान्ह्या मुलाचें दुपटें सुतीच असावें, मग तें दिसावयास कितीहि साधें असो. मुलांस, मुलींप्रमाणें मुलग्यांसहि, निदान एक फेरा स्वतः शिवावयास लावावें. पांघरूण कसें होतें हें ज्यास कळलें, तो त्याची मजुरी देतांना घासाघीस करणार नाहीं. आणि शिवणाऱ्या बाईस भाव विचारण्यापूर्वीं, आपण किती दिवसांचें काम मागत आहों याचा मनांत हिशेब करावा.

हा अंक वाचकांच्या हातीं पडेल तेव्हां चैत्र चालू असेल. मृगास अजून बराच अवकाश आहे. माळ्यावरील पेटी खालीं काढून तींतील कापडास ऊन दाखविण्यास तेवढे दिवस पुरेसे आहेत.